सत्ताविसाव्या वर्षी सोरोरिटी: आधी सेमिस्टर मोजा

पत्र

मी 27 वर्षांची, मूळची साताऱ्याची. लग्न झालं तेव्हा बी.कॉम.चं दुसरं वर्ष अर्धवट सुटलं आणि मी ओहायोत आले. एच-फोर, म्हणजे नोकरीवर आलेल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षं पूर्ण केली. येत्या ऑगस्टपासून एका मोठ्या सरकारी विद्यापीठात अकाउंटिंगला ज्युनियर म्हणून, म्हणजे तिसऱ्या वर्षाला, ट्रान्स्फर होतेय. ओरिएंटेशनला सोरोरिट्यांची, म्हणजे कॉलेजातल्या मुलींच्या संघटनांची, टेबलं मांडली होती, तिथून पाय निघेना. हॉस्टेल, मैत्रिणी, रात्रीच्या गप्पा हे सगळं माझं राहूनच गेलंय. इथल्या माझ्या ओळखी म्हणजे नवऱ्याच्या ऑफिसातल्यांच्या बायका. नवरा नाही म्हणत नाही, पण "एवढ्या पैशांत भारताची तिकिटं येतात" एवढं बोलून मोकळा झाला. मी घरीच, त्याच्याबरोबर राहणार आहे. मला या वयात घेतील का? एकोणीस-वीस वर्षांच्या मुलींत माझं हसं होईल का? आणि सुरुवात कुठून करायची?
– एक वाचक, ओहायो

उत्तर

घेतील का, याचं नियमातलं उत्तर सोपं आहे. अमेरिकेतल्या 26 राष्ट्रीय सोरोरिट्यांची सामायिक संस्था म्हणजे नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स, 1902 सालची. तिच्या मूळ अटी दोनच: त्या विद्यापीठात पदवीच्या अभ्यासक्रमाला रीतसर प्रवेश असावा, आणि या 26 पैकी कुठल्याही सोरोरिटीत आधी इनिशिएशन, म्हणजे सभासद करून घेण्याचा विधी, झालेलं नसावं. त्यांत वयाची मर्यादा नाही, लग्नाचा उल्लेख नाही. यावर प्रत्येक सोरोरिटी आणि प्रत्येक कॅम्पस आपापली भर घालतं. किमान जीपीए (गुणांची सरासरी) लागतो, बहुतेक ठिकाणी 2.5 ते 3.0 च्या दरम्यान. बऱ्याच ठिकाणी फुल-टाइम असावं लागतं, म्हणजे 12 क्रेडिट. एच-फोरवर व्हिसासाठी 12 क्रेडिटची सक्ती नसते, त्यामुळे आपल्यातल्या बऱ्याच जणी 9 घेतात आणि मग अर्जाच्या वेळी अडकतात. कोर्स निवडतानाच हे बघून ठेवा.

नियमात बसणं वेगळं आणि बोलावणं येणं वेगळं. चॅप्टरमध्ये, म्हणजे सोरोरिटीच्या त्या कॅम्पसवरच्या शाखेत, तुमच्या वयापेक्षा तुमची उरलेली सेमिस्टर जास्त मोजली जातात. पहिल्या वर्षाची मुलगी आठ सेमिस्टर वर्गणी भरते, एखाद-दोन वर्षं हाऊसमध्ये, म्हणजे चॅप्टरच्या घरात, राहते, पुढे पद घेते. ज्युनियर ट्रान्स्फर चारच सेमिस्टर भरते, हाऊसमध्ये बहुधा राहत नाही, आणि सगळ्यांची नावं पाठ होईपर्यंत तिची पदवीदानाचा गाऊन मागवायची वेळ आलेली असते. घराची देखभाल, विमा, स्वयंपाक्याचा पगार हे सगळं या वर्गणीतून चालतं. म्हणजे 20 वर्षांच्या ज्युनियरलाही नेमकी हीच अडचण येते. "मी थोराड दिसेन का" ही काळजी बाजूला ठेवा आणि सेमिस्टरच्या या अडचणीवर लक्ष द्या, कारण तिच्यावर उपाय आहे.

आत जायला दोन दारं आहेत. एक मोठं: प्रायमरी रिक्रूटमेंट, म्हणजे वर्षातली मुख्य भरती, जिला सगळे अजून रश म्हणतात. बऱ्याच ठिकाणी ती ऑगस्ट-सप्टेंबरात होते, काही ठिकाणी जानेवारीत. ओपन हाऊस, फिलान्थ्रपी, सिस्टरहूड, प्रेफरन्स अशा फेऱ्या, आणि शेवटी बिड डे, म्हणजे बिड (सभासदत्वाचं निमंत्रण) मिळण्याचा दिवस. प्रत्येक फेरीनंतर मुली चॅप्टरांचा पसंतीक्रम देतात, चॅप्टर मुलींच्या याद्या देतात, संगणक मेळ घालतो. कुठल्या चॅप्टरने किती जणींना परत बोलवायचं हे मागच्या वर्षांच्या आकड्यांवरून ठरवून दिलेलं असतं, आणि शेवटी प्रत्येक चॅप्टरला सारखाच कोटा मिळतो. ज्युनियर मुलगी मागे पडते ती इथेच. कोट्यातली एक जागा तिला दिली की आठ सेमिस्टरची एक मुलगी हातची जाते. म्हणून पहिल्या-दुसऱ्या फेरीनंतर तुमच्या यादीतली नावं भराभर गळाली तर आपण काहीतरी चुकीचं बोललो असं समजू नका. काही विद्यापीठांत वरच्या वर्गांसाठी, म्हणजे वरच्या वर्षांच्या मुलींसाठी, वेगळा कोटा ठेवतात. तुमच्याकडे तो आहे का, हे नोंदणी करण्याआधी विचारा. असेल तर मोठ्या दाराने जायला हरकत नाही.

दुसरं दार म्हणजे कंटिन्युअस ओपन बिडिंग, बोलण्यात सीओबी. प्रत्येक कॅम्पसवर चॅप्टरच्या एकूण सभासदसंख्येचा एक आकडा ठरलेला असतो, त्याला टोटल म्हणतात. रश संपल्यावर जी चॅप्टर या आकड्याच्या खाली असतात, ती सेमिस्टरभर कधीही मुली घेऊ शकतात. इथे फेऱ्या नाहीत, घोषणा नाहीत, कोट्याचं गणित नाही. रिकामी जागा भरायची असते, आणि रिकाम्या जागेवर चार सेमिस्टर भरणारी मुलगी ही कमाईच असते. वेगळा कोटा नसेल तर आमच्या मते तुम्ही सरळ हेच दार धरावं. बिड डे उलटला की दुसऱ्या दिवसापासून. जानेवारीपर्यंत थांबू नका, चारातलं एक सेमिस्टर तेवढ्यात संपतं. अपवाद एकच: एखादी सोरोरिटी कम्युनिटी कॉलेजचा जीपीए न धरता याच विद्यापीठाचा मागत असेल, तर जानेवारीशिवाय इलाज नाही.

मोठ्या दाराला आणखी एक कडी आहे. प्रेफरन्सच्या फेरीनंतर एक करार भरून घेतात. त्यात ज्यांच्याकडे जायची तयारी आहे अशी चॅप्टर क्रमाने लिहायची. लिहिलेल्यांपैकी एकाची बिड आली आणि तुम्ही ती नाकारली, तर पुढच्या प्रायमरी रिक्रूटमेंटपर्यंत त्या कॅम्पसवरच्या या 26 पैकी कुठल्याच सोरोरिटीत तुम्हाला जाता येत नाही. पहिल्या वर्षाच्या मुलीचं यात एक वर्ष जातं. तुमचा खेळच संपतो. तेव्हा जिथे मन नाही ते नाव केवळ "असू दे" म्हणून लिहू नका. उलट एकच नाव लिहून बाकी कोरं सोडलं, तर कोट्याबाहेर जागा देऊन सामावून घेण्याची जी सोय असते तिचा लाभ मिळत नाही. सीओबीत हा पेच बराच सैल आहे. बिड नाकारली तर दंड नाही, स्वीकारून सही केली की मात्र बांधिलकी तीच. आणि एकदा इनिशिएशन झालं की या 26 पैकी दुसऱ्या कुठल्याही सोरोरिटीचं दार कायमचं बंद.

सुरुवात ईमेलने करा. विद्यापीठात फ्रॅटर्निटी अँड सोरोरिटी लाइफ अशा नावाचं ऑफिस असतं, आणि कॅम्पस पॅनहेलेनिकची रिक्रूटमेंट पाहणारी एक विद्यार्थिनी पदाधिकारी असते. दोघांना एकच ईमेल, सहा-सात ओळींची: मी या सेमिस्टरला ज्युनियर म्हणून ट्रान्स्फर होतेय, माझा ट्रान्स्फर जीपीए इतका, कॅम्पसबाहेर राहते. वरच्या वर्गांसाठी वेगळा कोटा आहे का? ट्रान्स्फर जीपीए चालतो का? या सेमिस्टरला कोणती चॅप्टर सीओबी करणार आहेत? वय आणि लग्न या ईमेलमध्ये घालायचं कारण नाही. सोबत सीओबीचा इंटरेस्ट फॉर्म असेल तर त्याच दिवशी भरा. चॅप्टरच्या इन्स्टाग्राम पानांवर लक्ष ठेवा, "कॉफी विथ अस" छापाच्या तारखा तिथेच, अनेकदा दोन दिवस आधी पडतात.

आता हसं होण्याबद्दल. रशमध्ये गेलात तर काय होतं ते जवळून सांगतो. दार उघडतं, आत टाळ्या आणि गाणी, कानठळ्या बसतील इतका आवाज. एक मुलगी तुम्हाला हाताला धरून कोपऱ्यात नेते. पाच-सात मिनिटांनी दुसरी येऊन उभी राहते, पहिली तुमची ओळख करून देते आणि सटकते. याला बम्पिंग म्हणतात. अर्ध्या तासात अशा तीन-चार जणी. तुम्ही बाहेर पडलात की प्रत्येक जण फोनवर तुमच्याबद्दल गुण आणि दोन ओळी नोंदवते. त्या दोन ओळी काय असाव्यात, हे तुमच्या हातात आहे. "27, विवाहित" एवढंच गेलं तर यादी करणारीच्या डोळ्यांसमोर काहीच उभं राहत नाही. "अकाउंटिंग ज्युनियर, शाळेत खो-खो खेळायची, कसा खेळतात ते करून दाखवलं" असं गेलं तर चेहरा आठवतो. वय लपवायचं नाही, पण पहिलं वाक्य म्हणूनही टाकायचं नाही. कुणी विचारलं तर एका दमात सांगा: "27. मध्ये शिक्षण थांबलं होतं, आता पूर्ण करतेय." आणि लगेच तिला काहीतरी विचारा. खरं बिनसतं ते माफी मागितल्यासारखं बोलण्याने: "मला माहितीय मी तुमच्यात ताईच वाटत असेन" वगैरे. समोरची वीस वर्षांची पोर त्यावर काय बोलणार? ती गोंधळते आणि मान हलवून हसते. ताईगिरी तर बिलकूल नको. सल्ला कुणी मागितल्याशिवाय देऊ नका.

सीओबीत हाच प्रकार कॉफी किंवा क्राफ्ट नाइटला चार-पाच जणींत होतो. नीट बोलता येतं, तुम्हालाही प्रश्न विचारता येतात. आम्ही हे विचारू: चॅप्टरमध्ये ज्युनियर-सीनियर किती आणि मागच्या मीटिंगला त्यांतल्या किती आल्या होत्या? हाऊसबाहेर राहणाऱ्या किती? ज्युनियर असताना आलेल्या कुणाशी बोलता येईल का? पहिल्या दोन प्रश्नांवर टाळाटाळ झाली तर समजा की वरच्या वर्गाच्या मुली नावापुरत्या आहेत, आणि तुम्ही ज्या मैत्रिणी शोधताय त्या तिथे मिळणार नाहीत. कॅम्पसवर "टॉप हाऊस" आणि "बॉटम हाऊस" असली क्रमवारी चालते. सीओबी करणारी चॅप्टर बहुधा खालच्या निम्म्यात धरली जातात. तुम्ही हे खुशाल कानाआड करा. छोट्या चॅप्टरमध्ये ज्युनियरला पहिल्याच वर्षी पद मिळू शकतं, आणि अकाउंटिंगवालीला कोषाध्यक्षपद मिळालं तर चॅप्टरचं वर्षाचं बजेट हाताळल्याचा उल्लेख रेझ्युमेवर येतो.

पैशांचा हिशोब नवऱ्यासमोर कागदावर मांडा, म्हणजे तिकिटाची तुलना तरी नीट होईल. सही करण्याआधी चॅप्टरकडून खर्चाचा लेखी तक्ता मागा. तो मागणं उद्धटपणा नाही, नेहमीचं आहे. नमुन्यादाखल असं धरा: बाहेर राहणाऱ्या सभासदाची वर्गणी सेमिस्टरला 550 डॉलर, चारांचे 2,200. पहिल्या सेमिस्टरला न्यू मेंबर फी, इनिशिएशन फी आणि बॅज मिळून 300. हाऊसमध्ये न राहणाऱ्यांकडून हाऊस वापरण्याबद्दल घेतात ती पार्लर फी, 100 च्या हिशोबाने 400. आणि तक्त्यात कधीच नसलेला खर्च, म्हणजे टी-शर्ट, फॉर्मलचं (नटूनथटून जायच्या पार्टीचं) तिकीट आणि ड्रेस, पुढे तुम्ही कुणाच्या बिग, म्हणजे नव्या मुलीला सांभाळून घेणारी थोरली, झालात तर त्या लिटिलसाठीच्या भेटवस्तू, सेमिस्टरला 150 धरून 600. झाले 3,500. तुमच्या चॅप्टरचे आकडे यात घाला. दक्षिणेकडच्या मोठ्या विद्यापीठांत ते पुष्कळ वर जातात. हप्ते मिळतात का, हेही विचारा. हाऊसच्या किचनमध्ये वाढपाचं काम करून जेवण फुकट, अशी ऑफर कधी कधी येते. एच-फोरवर वर्क परमिट नसेल तर तो कामाचा मोबदला ठरू शकतो, त्यात पडू नका.

तक्त्याहून महत्त्वाचं कलम म्हणजे लिव्ह-इन. अनेक चॅप्टरच्या करारात असं असतं की हाऊसमधल्या खोल्या भरल्या नाहीत तर बाहेरच्या सभासदांना राहायला यावं लागेल किंवा भाडं भरावं लागेल. तुमच्या नावावर अपार्टमेंटचं लीज आहे, लग्न झालंय. सूट मिळेलही. पण "अगं, तुला कोण सांगतंय राहायला" या तोंडी आश्वासनावर जाऊ नका, पुढच्या वर्षी ते सांगणारी मुलगी पदावर नसते. हाऊसिंग पाहणाऱ्या प्रौढ सल्लागार बाईंची ईमेल घ्या, मग सही करा.

वेळेचं म्हणाल तर साध्या आठवड्यात चार-पाच तास धरा. आठवड्याची चॅप्टर मीटिंग, आणि इनिशिएशनपर्यंतचे सहा-आठ आठवडे न्यू मेंबरची वेगळी मीटिंग. हजेरीचे पॉइंट असतात, चुकल्यास कुठे कुठे दंडही. गैरहजेरीचा फॉर्म आधी भरला तर सूट मिळते, नंतर "विसरले" चालत नाही. अडचण येते ती दोन जागी. एक, पुढच्या ऑगस्टला तुम्ही टेबलाच्या पलीकडे असाल, आणि क्लास सुरू व्हायच्या आधी आठवडा-दोन आठवडे रिक्रूटमेंटची तालीम सक्तीची असते. भारतात जायचं तर परतीचं तिकीट जुलैअखेरचं काढा. गणपतीही बहुतेक याच धामधुमीच्या आगेमागे येतात, घरच्या गणपतीसाठी सुट्टीचा फॉर्म जुलैतच टाकून ठेवा, धार्मिक कारण सहसा मानतात. दुसरी अडचण तुमच्या विषयाची. अकाउंटिंग फर्मच्या बऱ्याच इंटर्नशिप जानेवारी ते मार्चच्या घाईच्या हंगामात असतात. ते सेमिस्टर सोरोरिटीत जवळजवळ वाया जाईल. त्या काळापुरती सवलतीची सभासद-स्थिती मिळते का आणि वर्गणी किती कमी होते, हे आधीच विचारा.

आता एक गोष्ट जी या वयात येणाऱ्या प्रत्येकीला सांगावी लागते. अमेरिकेत दारू विकत घ्यायचं वय 21 आहे. चॅप्टरमधल्या निम्म्याहून जास्त मुली त्याखालच्या असतील आणि तुमच्या पर्समध्ये 27 वर्षांचा आयडी आहे. महिन्याभरात कुणीतरी लाडीगोडीने विचारणारच: "जाता जाता दुकानातून एवढं आणशील?" उत्तर पहिल्या वेळेला आणि प्रत्येक वेळेला नाही. अल्पवयीनांना दारू पुरवणं हा गुन्हा आहे, आणि व्हिसावरच्या माणसाची पोलिस केस व्हिसाच्या प्रत्येक पुढच्या अर्जात सोबत येते. "माझा व्हिसा आहे, मला जमणार नाही" एवढं पुरतं, मुली समजून घेतात. पार्टीत सोबर मॉनिटर, म्हणजे स्वतः न पिता लक्ष ठेवणारी, म्हणून ड्यूटी करायची तयारी दाखवा. त्याचे पॉइंटही मिळतात आणि तुमची जागा सगळ्यांना कळते.

हेझिंगबद्दलही, म्हणजे नव्या मुलींच्या रॅगिंगबद्दल. वयाने मोठी म्हणून तुम्हाला कुणी त्रास देणार नाही असं नाही. रात्री-अपरात्री बोलावणं, बिगची कामं करायला लावणं, अमुक दिवस कुणाशी बोलायचं नाही, हे सगळं हेझिंगच. डिसेंबर 2024 मध्ये झालेल्या स्टॉप कॅम्पस हेझिंग अॅक्टमुळे दोषी ठरलेल्या संघटनांची माहिती विद्यापीठांना जाहीर करावी लागते. तुमच्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर हेझिंग ट्रान्स्परन्सी रिपोर्ट शोधा आणि ज्या चॅप्टरला जाणार ते नाव त्यात आहे का बघा. दहा मिनिटांचं काम आहे.

या 26 च्या बाहेरही पाहा. दक्षिण आशियाई मुलींनी उभारलेल्या सोरोरिट्या आहेत: डेल्टा फाय ओमेगा, कप्पा फाय गॅमा आणि सिग्मा सिग्मा ऱ्हो, तिन्ही 1998 च्या, आणि 1999 ची डेल्टा कप्पा डेल्टा. चॅप्टर छोटी, अनेकदा वीसेक मुलींची, त्यामुळे वर्षाच्या गणितापेक्षा माणूस बघितला जातो. मात्र लोक कमी म्हणजे प्रत्येकीवर काम जास्त, आणि नव्या मुलींची प्रक्रिया बरीच बंदिस्त असते. आठवड्याला किती तास आणि किती रात्री, हे आकड्यात विचारा. अल्फा कप्पा अल्फा, डेल्टा सिग्मा थीटा यांसारख्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या ऐतिहासिक सोरोरिट्या पदवीनंतरही सभासद घेतात, पण "तिथे वय चालतं" एवढ्या कारणाने जाण्याची ती जागा नव्हे. त्यांच्या कामाशी आधीपासून नातं असेल तरच. पॅनहेलेनिकमधल्या काही सोरोरिट्या पदवी झालेल्या स्त्रियांना अॅलम्ना इनिशिएट म्हणून घेतात. तो मार्ग तुम्हाला दोन वर्षांनीही मोकळा राहील.

आणि खरं तर तुमच्या विषयाला बीटा अल्फा साय या अकाउंटिंग-फायनान्सच्या संघटनेची मीटिंग सोरोरिटीइतकीच उपयोगाची आहे, खर्च त्या मानाने किरकोळ. डेल्टा सिग्मा पाय किंवा अल्फा कप्पा साय या व्यवसायाच्या विद्यार्थ्यांच्या फ्रॅटर्निटीत मुलंमुली दोन्ही असतात. बिग-लिटिल, इनिशिएशन, रिट्रीट असा बराचसा सोरोरिटीचा बाज तिथेही मिळतो. यांची भरतीही सप्टेंबरच्या सुरुवातीलाच असते, तेव्हा दोन्हीकडे इंटरेस्ट फॉर्म भरून ठेवा. सोरोरिटीच्या सभासदाला यांत यायला सहसा आडकाठी नसते.

राहिला नवरा. सेमिस्टरला एखादी डेट पार्टी किंवा फॉर्मल असतो, तिथे त्याला नेता येतं. फक्त आधी सांगून ठेवा की तिथे त्याच्याहून दहा वर्षांनी लहान पन्नासेक पोरं असतील, संगीत मोठ्याने असेल आणि जेवणाच्या नावाने बहुधा चिकन टेंडर्स. शाकाहारी असाल तर दोघंही घरून जेवून जा.